साडूने गप्प केलेला पंखा

कापसाच्या हंगामात धरणगावात तूस कुठे नसतं ते विचारा. चहाच्या कपात असतं, देवाच्या फोटोवर असतं, म्हाताऱ्यांच्या भुवयांवर असतं. लॅपटॉपच्या पंख्यात तर ते माहेरी आलेल्या लेकीसारखं मुक्काम ठोकतं, निघायचं नाव घेत नाही.

पितांबरचा सगळा धंदा या तुसावर उभा होता. बसस्टँडच्या वाटेवर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. लॅपटॉप तापतो, घोंघावतो, मध्येच बंद पडतो, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की पितांबर ती पुरती ऐकूनही घेत नसे. स्क्रू काढायचे, पाठ उघडायची, ब्रश आणि ब्लोअर मारून पंखा साफ करायचा आणि निघालेला तुसाचा गोळा गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा. हा पाहा तुमचा रोग, असं म्हणायचं. गिऱ्हाईक त्या गोळ्याकडे बघत राही. दहात नऊ वेळा रोग तोच असे, त्यामुळे दहाव्या वेळी काय करायचं हे शिकायची गरज पितांबरला कधी पडली नाही.

माणूस वाईट नव्हता. परीक्षेचा फॉर्म भरायला आलेल्या पोराचा लॅपटॉप तो दुकान बंद करायची वेळ झाली तरी हातावेगळा करून देई. पण एक खोड होती, आणि ती त्याच्या बायकोला, रूपाला, लग्नानंतर महिनाभरातच कळली होती. दुसऱ्याचं कौतुक झालं की पितांबरच्या पोटात दुखू लागे. शेजाऱ्याच्या म्हशीने चार मापं जास्त दूध दिलं तरी अपचन याला व्हायचं. आणि रूपाच्या धाकट्या बहिणीचं, दिपमालाचं, लग्न झाल्यापासून या अपचनाचं नाव एकच होतं. चंदन.

चंदन म्हणजे दिपमालाचा नवरा, पितांबरचा साडू. धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचा. अंगाने सडपातळ, बोलायला मऊ, ताटातलं काही टाकायचा नाही, सासूच्या हातून पाण्याची कळशी काढून घ्यायचा. तो उद्धट असता तर पितांबर सुखी झाला असता, निदान नावं ठेवायला जागा मिळाली असती. पण चंदन भेटला की वाकून नमस्कार करी, भाऊ म्हणे, आणि पितांबरला तो नमस्कारसुद्धा आपल्यापेक्षा चांगला जमतो असं वाटून जाई.

दोघांचं सासर साक्रीला. सुकदेव नाना प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, सासूबाई भिकुबाई. मुलगा नाही, या दोन मुलीच. त्यामुळे जावई हेच त्या घरचे मुलगे, आणि कितीतरी वर्षं हा मान एकट्या पितांबरचा होता. साक्रीत मिक्सर बिघडला तरी फोन धरणगावला यायचा. मिक्सर दुरुस्त करणारा नानांच्या गल्लीतच होता, पण नाना जावयाला विचारल्याशिवाय त्याच्याकडे जात नसत, आणि पितांबरही एसटी बदलत बदलत धुळ्यावरून साक्री गाठायचा, मिक्सर चालू करून द्यायचा आणि भिकुबाईंच्या हातची शेवभाजी खाऊन परतायचा. त्या दिवशी घरी येताना त्याची मान बघण्यासारखी असे.

नाना निवृत्त झाले तेव्हा पितांबरने त्यांना एक लॅपटॉप दिला. नवा नव्हता. दुकानात मरून पडलेल्या तीन लॅपटॉपांतून त्याने तो एक जिवंत केला होता. अंग एकाचं, पडदा दुसऱ्याचा, मेमरी तिसऱ्याची. पण चालायचा झकास. घरी कोणीही आलं, अगदी गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस जरी उंबऱ्यात उभा राहिला, तरी नाना लॅपटॉपकडे हात करून सांगायचे की हा आमच्या थोरल्या जावयाने दिला. पितांबरने हे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो ते मनातल्या मनात पुन्हा ऐकायचा.

नानांनी त्या लॅपटॉपला काम मोठं दिलं. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा बायका जी गाणी म्हणतात, ती त्यांना आवाजासकट साठवून ठेवायची होती. शाळेत असताना त्यांनी पोरांकडून लिहून घ्यायचा प्रयत्न केला, पण लिहिलेल्या गाण्यात चाल राहत नाही. मोबाइल त्यांनी जन्मात फक्त बोलायला वापरला. लॅपटॉप मात्र जावयाचा होता, त्यावर त्यांचा विश्वास. मग दुपारी गल्लीतल्या म्हाताऱ्या ओसरीवर जमायच्या, एकमेकींना आधी तू म्हण, आधी तू म्हण करायच्या आणि शेवटी सगळ्या कौतिकआक्काकडे बघायच्या. आक्का नानांची मानलेली बहीण, ऐंशीच्या पुढची. देवीच्या येण्यापासून पाण्यात जाईपर्यंतची सगळी गाणी अख्ख्या गल्लीत तिला एकटीलाच येत. बाकीच्यांना तुकडे येत, आक्काला अखंड. पण आक्का पुढच्या खेपेला म्हणेन म्हणत टाळायची, तिचं भरायचं राहिलं होतं. ती सोडून गेली तर ही गाणी कोण म्हणणार, हा नानांना घोर होता आणि ते तो बोलून दाखवत.

मग जुन्या सिस्टीमची मुदत संपली. धरणगावात जो तो नवी सिस्टीम टाकून घ्यायला दुकानात येऊ लागला आणि पितांबरने ठरवलं की नानांची मशीनही मागे राहता कामा नये. संक्रांतीला गेला तेव्हा त्याने तिळगूळ तोंडात टाकला आणि कामाला बसला. त्याची पद्धत ठरलेली. जुनं सगळं पुसायचं, मशीन कोऱ्या पाटीसारखं करायचं, मग नवं भरायचं. गाणी त्याने आठवणीने बाजूला काढून ठेवली आणि पुन्हा आत ठेवली. बाकी काहीही मागे ठेवलं नाही, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्याच संध्याकाळी पंखा बोलू लागला. बोलू लागला म्हणजे काय, कापसातली सरकी काढणारं जिनिंगचं मशीन घरात आणून सुरू केल्यासारखा ओरडू लागला. काम असो नसो, मशीन गार असो की गरम, पंखा आपला पूर्ण जोरात. ओसरीवरच्या म्हातारीने गायला तोंड उघडलं की तिच्या आधी पंख्याचा सूर लागायचा.

पितांबरने निदान क्षणात केलं. तूस. आता साक्रीला कुठे आलंय जिनिंग! तिकडे डोंगर, बाजरी, कांदा आणि आठवड्याचा बाजार. पण ज्याने उभ्या हयातीत एकच रोग पाहिला त्याला दुसरा कसा सुचणार? त्याने पाठ उघडली. आत तूस नव्हतं. तरीही त्याने पंखा साफ केला, तेलाचा थेंब सोडला, पाठ लावली. पंखा तसाच ओरडत राहिला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा उघडला, पुन्हा स्वच्छ पंखा आणखी स्वच्छ केला. नाना शेजारी बसून एकदा पंख्याकडे, एकदा पितांबरकडे बघत होते, आणि ते बघणं पितांबरला जड गेलं. मग त्याने ठणकावून सांगून टाकलं की नवी सिस्टीम जड असते, पंखा पळणारच, सगळीकडे असंच आहे, सवय होईल. आणि निघताना, चपला घालता घालता, म्हणाला की नाना, दुसऱ्या कोणाचा हात याला लागू देऊ नका.

दुसरा कोणी म्हणजे कोण, हे त्या घरातल्या मांजरालाही कळलं.

नाना हो म्हणाले आणि शब्द पाळला. चंदन मधल्या काळात दोनदा साक्रीला येऊन गेला, तेव्हा नानांनी लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. फाल्गुनात, होळीच्या तोंडावर, कौतिकआक्का तापाचं निमित्त होऊन गेली. पितांबर मातीला गेला, नानांच्या शेजारी उभा राहिला, दोन शब्द बोलला आणि शेवटच्या गाडीने परतला.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोघी बहिणी माहेरी गेल्या, झोक्यावर बसल्या, गौराईची गाणी म्हणाल्या. रूपा परत आली ती सांजोऱ्यांचा डबा आणि एक बातमी घेऊन. डबा तिने आधी उघडला, कारण ती शहाणी होती. पण बातमी काही पोटात राहिली नाही. चंदन दिपमालाला न्यायला आला होता, दिपमालाने कोणाला न विचारता लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला, आणि चहा होईपर्यंत पंखा गप्प झाला.

पितांबरने हातातली सांजोरी खाली ठेवली. स्क्रू काढले होते का, असं त्याने विचारलं. नाही म्हणाली. ब्लोअर? नाही. मग काय मंत्र म्हटला? रूपाने ऐकलं होतं तेवढं सांगितलं. प्रत्येक लॅपटॉपबरोबर त्याच्या कंपनीचा एक लहानसा प्रोग्रॅम येतो, पंख्याची राखण करणारा. मशीन किती तापलंय हे तो पंख्याला सांगतो. सिस्टीम बदलताना तो राहून गेला. मग पंख्याला काही कळेना, म्हणून तो बिचारा भीतीने सारखा पळत होता. चंदनने दिपमालाकडून ऐकून पेनड्राइव्हवर आणलेला तो प्रोग्रॅम बसवला आणि त्यात एक रेघ आखून दिली, इतकं तापेपर्यंत हळू, त्यापुढे जोरात.

राहून गेला, असंच म्हणाला का तो, असं पितांबरने दोनदा विचारलं. होय, असंच म्हणाला. कोणी पुसला असं नाही म्हणाला? नाही. पितांबरला हेच सहन होईना. चंदनने त्याचं नाव घेतलं असतं तर फोन करून चार शब्द सुनावता आले असते. साडूने दोष झाकला होता, आणि झाकणारा हात नेहमी वरच्या बाजूला असतो, हे पितांबरला चांगलं समजत होतं. तो डबा पुढे चार दिवस तसाच पडून होता आणि शेवटी सांजोऱ्या शेजारच्या पोरांनी संपवल्या.

दुकानातही त्याचं चित्त लागेना. हिवाळाभर किती जणांना नवी सिस्टीम टाकून दिली, आणि त्यानंतर पंख्याची तक्रार घेऊन आलेल्या किती जणांच्या हातावर आपण तुसाचे गोळे ठेवले, याचा विचार त्याच्या मनात येऊ लागला. गोळे खरे होते. रोग कुठला होता कोण जाणे. त्याने तो विचार हाकलून दिला आणि त्याची सगळी आग पुन्हा चंदनकडे वळवली. मत्सराला हे एक बरं असतं, त्याला दुसऱ्याचं घर माहीत असतं, स्वतःच्या घरी तो थांबत नाही.

यंदा ज्येष्ठ दोन आले. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची दिवाळी. नानांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी जेवायला बोलावलं. ऊन असं की एसटीच्या खिडकीच्या दांडीला हात लावायची सोय नव्हती. पितांबर आणि रूपा साक्रीला पोचले तेव्हा चंदन आधीच आलेला होता आणि कूलरमध्ये पाणी भरत होता. इथूनच पितांबरच्या दिवसाला तडा गेला. कूलरमध्ये पाणी भरणं हे थोरल्या जावयाचं काम होतं असं नाही, पण ते धाकट्याचं तरी का असावं?

दोन पाट मांडले. पितांबरचा पाट उजवीकडे होता, म्हणजे मान त्याचा. पण कूलरची हवा डावीकडे येत होती, म्हणजे सुख चंदनचं. भिकुबाईंनी दोघांना ओवाळलं, दोघांच्या हातात अनारसे आणि दिव्याचं ताट दिलं. पितांबरने डोळ्याच्या कोपऱ्यातून चंदनचं ताट पाहिलं. सारखंच होतं. त्याने पुन्हा पाहिलं, तरीही सारखंच. मग मांडे आले, आमरस आला. खापरावरून उतरलेला पहिला मांडा पितांबरच्या पानात पडला, पण दुसरा जरा जास्त फुगला होता आणि तो चंदनकडे गेला. चंदनने मांडा तोडला आणि म्हणाला, भाऊंना अजून रस वाढा. पितांबरला रस हवा होता, पण त्याने हात आडवा केला.

जेवण होत आलं तेव्हा गल्लीतला पुना पानसुपारीला आला. नानांनी लॅपटॉप मागवला आणि पुनाच्या कानाशी धरला. काही ऐकू येतं का, असं विचारलं. काही ऐकू येत नव्हतं. नाना खूष होऊन म्हणाले,

"लॅपटॉप थोरला जवाईनी दिधा, पन सुधारा धाकलानी."

पुना हसला, मान डोलावली, बरं झालं म्हणाला. त्याला कुठे ठाऊक की त्या एका 'पन'ने एका माणसाच्या घशात मांडा अडकला आहे. वर्षानुवर्षं जे वाक्य पितांबरचं एकट्याचं होतं, त्यात आता दुसरा माणूस येऊन बसला होता, आणि तोही शेवटी, म्हणजे लक्षात राहील अशा जागी.

दुपारी घर झोपलं. मांडे आणि आमरस खाल्ल्यावर खानदेशात जागा राहतो तो एक तर आजारी किंवा पितांबर. नाना ओसरीवर, चंदन कूलरपुढे चटईवर, बायका स्वयंपाकघरात आडव्या झालेल्या. पितांबर उठला आणि मधल्या खोलीत गेला. लॅपटॉप टेबलावर होता. त्याने तो उघडला आणि वाकून कान लावला. पंखा इतका हळू फिरत होता की फिरतो की नाही कळू नये. कारागीर म्हणून त्याला ते काम पसंत पडलं, आणि साडू म्हणून त्याचा जळफळाट झाला.

पडद्याच्या कोपऱ्यात पंख्याचं एक बारीक चिन्ह होतं. त्याने दाबलं. चौकोन उघडला, त्यात एक रेघ, डावीकडून आडवी येणारी आणि मग चढत जाणारी. एवढंच? या एवढ्याशा रेघेवर आपला मान गेला? मनात आलं, हे काढून टाकू आणि आपल्या हाताने पुन्हा बसवू. मग हे काम आपलं होईल. नाना उठले की सांगू, चंदनने केलं होतं ते कच्चं होतं, मी पक्कं करून दिलं. याला चोरी म्हणतात हे त्याला कळत होतं. पण पोटात आग पडली की माणूस आधी पाणी शोधतो, विहीर कोणाची ते मग बघतो.

त्याने 'काढून टाका'वर बोट ठेवलं. मशीनने विचारलं, नक्की? मशीनसुद्धा दोनदा विचारतं. पितांबरने हो म्हटलं.

पंखा क्षणभर थांबला आणि मग संक्रांतीच्या दिवसासारखा ओरडायला लागला.

पितांबरने घाईघाईने मोबाइल काढला. हाच प्रोग्रॅम नेटवरून उतरवून घेऊ म्हणाला, तर त्या दगडी भिंतींच्या खोलीत रेंजची एक काडी उभी राहीना. शिवाय काय उतरवायचं? रागाच्या भरात त्याने प्रोग्रॅमचं नावही वाचलं नव्हतं. तो चौकोन शोधत राहिला, जो त्यानेच पुसला होता. तोवर ओसरीवर खाट वाजली.

नाना आले, मागोमाग भिकुबाई, दोघी बहिणी, आणि सगळ्यात शेवटी डोळे चोळत चंदन. पितांबर टेबलापाशी उभा होता, पण त्याच्याकडे कोणी संशयाने बघितलंच नाही. लॅपटॉप ओरडतो आहे आणि थोरला जावई त्याच्यापाशी उभा आहे, म्हणजे तो आवाज ऐकून धावत आला असणार, असंच सगळ्यांनी धरलं. चंदन चक्रावला. जेवताना तर ठीक होता, असं पुटपुटला. नाना त्याच्याकडे वळले. आवाज चढला नाही, पण शाळेतला होता.

"चंदनराव, पितांबररावले इचारा बगर हात लावाले नको व्हता."

दिपमालाचा चेहरा पडला. चंदन खाली बघत म्हणाला की माझंच काही चुकलं असेल. आणि पितांबरला, खोटं कशाला सांगा, गार वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा कूलरची हवा त्याच्या अंगाला लागली. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. नाना त्याच्या बाजूने होते, साडू खाली मान घालून उभा होता, आणि आता नाना म्हणत होते की पितांबरराव, तुम्हीच बघा.

त्याला बघण्याची एकच रीत ठाऊक होती. हत्यारांची पिशवी तो धोंड्याच्या जेवणालाही बरोबर आणत असे. खाली बसला, लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढू लागला. सगळे भोवती गोल करून बसले. भिकुबाईंनी खिडकी उघडून उजेड दिला. फरशीवर स्क्रू घरंगळू नयेत म्हणून चंदन त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने तळहात पुढे केला. पितांबर एकेक स्क्रू काढून त्या तळहातावर ठेवत गेला. ज्या जागी आजवर त्याने लोकांना तुसाचे गोळे दिले, तशा एका उघड्या तळहातावर.

पाठ उघडली. पंखा लखलखीत होता. दाखवायला एक कण नव्हता. नाना विश्वासाने बघत होते, आता पितांबरराव काहीतरी काढून दाखवतील म्हणून. पितांबरने उगाच ब्रश फिरवला. त्याला चंदनचा हात दिसत होता, स्क्रू सांडू नयेत म्हणून जरा वाकवून धरलेला. त्याने ब्रश खाली ठेवला.

"नाना, चंदननी काही बिघाडेल नही. त्यानी बसाडेल व्हतं, ते मी काढी टाकं. आत्ते, तुम्ही निजेल व्हतात तव्हय."

रूपाने पदर तोंडाला लावला. नानांना नीट समजलं नसावं, किंवा समजून घ्यायचं नसावं.

"कसाले?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही त्यानं नाव लिधं म्हनीसन. माले सहन व्हयनं नही."

पितांबरची तयारी होती, नाना रागावतील, दिपमाला बोलेल. पण बोलल्या त्या भिकुबाई, आणि त्याही न रागावता, उन्हाळी कामाचं काही सांगावं तशा.

"तुम्ही सांगं व्हतं, दुसरा कोनाले हात लावू देवाना नही. तुम्हना मान राखाकरता आम्ही थांबनूत. पंखा गप व्हयना की मंग आक्कानं गाणं परत भरू, अशी बात व्हती. आक्का काही थांबनी नही."

जाऊ दे, असं नाना भिकुबाईंना म्हणाले. मग पितांबरला म्हणाले की स्क्रू लावून घ्या, हरवतील.

त्याने स्क्रू लावले. दोनदा पेचकस घसरला. चंदन मोबाइल घेऊन गच्चीवर गेला, भर उन्हात उभा राहून प्रोग्रॅम उतरवला, खाली आला आणि त्याने तो बसवला. काही शिकवत नसल्याच्या आविर्भावात, पण पितांबरला दिसेल असा पडदा वळवून, त्याने ती रेघ पुन्हा आखली. पंखा मंदावला. मग इतका शांत झाला की बाहेर चिंचेवरचे कावळे ऐकू येऊ लागले. चंदन उठून चटईवर जाऊन बसला. त्याच्या तोंडावर विजयाचं काहीही नव्हतं, आणि पितांबरला त्या स्थितीतही त्याचा हेवा वाटला, की असं कसं असता येतं माणसाला.

नानांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. कोणाला दाखवायचं म्हणून नव्हे. आठवण निघाली होती, म्हणून त्यांनी संक्रांतीनंतर, माघात भरलेलं आक्काचं गाणं लावलं आणि डोळे मिटले.

खोली पुन्हा घोंघावू लागली. पितांबर दचकला, पुढे झुकला आणि लॅपटॉपच्या कडेला, जिथून गरम हवा बाहेर येते तिथे, त्याने तळहात धरला. हवा येत नव्हती. मशीन गार होतं. घोंघाट गाण्यातून येत होता, आणि त्याच्या पार मागे, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कोणी म्हणत असावं तशी, आक्का गात होती. नाना ओठ हलवत तिच्याबरोबर म्हणत होते, कारण त्यांना शब्द माहीत होते. पितांबरने खूप कान दिला, पण त्याला एकही शब्द लागला नाही.